चौथ्या गाण्यापर्यंत तार उतरते

मराठीत तंबोरा 'लावतात', सतार 'मिळवतात', सूर 'लागतो' आणि तार 'उतरते' किंवा 'चढते'. गिटारच्या वाट्याला यातला एकही शब्द आलेला नाही. गिटार आपण 'ट्यून करतो' आणि मग कधीतरी ती 'आउट जाते'. पहिल्या शब्दांतलं वाद्य हवामानासारखं आहे. चढउतार होणारच, माणसाने लक्ष ठेवायचं. दुसऱ्या शब्दांतलं वाद्य बल्बसारखं आहे. लागला तर लागला, गेला तर गेला.

रॉक बँडच्या लाइव्ह कार्यक्रमांबद्दल आपण जे बोलतो ते या बल्बच्या भाषेत बोलतो. 'एक नंबर वाजवलं' किंवा 'बेसूर होते यार'. मधलं काही नाही. मला वाटतं, या भाषेमुळे आपल्याला लाइव्ह संगीत नीट ऐकूच येत नाही. स्टेजवर गिटार उतरते, नेहमी उतरते, जगातल्या सगळ्यात महागड्या गिटारी धरून. मग ऐकणाऱ्याने विचारायचा प्रश्न असा उरतो: उतरली हे वाजवणाऱ्याला कधी कळलं, आणि कळल्यावर त्याने काय केलं?

हे नुसतं कानाचे लाड म्हणून लिहीत नाही. चुकीचं ऐकलं की दोष चुकीच्या माणसावर जातो. त्याचं एक उदाहरण आधी सांगतो.

बावन्न सेकंद

मी मूळचा साताऱ्याचा. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमधली बावन्न सेकंदांची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरत होती. बँडचं चौथं गाणं, मागे दोन गिटारी, बेस, ड्रम्स, पुढे एक मुलगी गातेय. क्लिपसोबत हसणाऱ्या इमोजींची रांग, आणि खाली 'ताईंना कोणीतरी सूर दाखवा' छापाचा मजकूर.

क्लिप ऐकताना मलाही काहीतरी टोचत होतं, पण ते तिच्या आवाजात आहे असं वाटेना. म्हणून ती लॅपटॉपवर घेतली आणि स्वराची वारंवारता सेकंदागणिक मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. ध्रुवपदाच्या आधी दोन सेकंद गिटार एकटीच वाजते, एकेक तार सुटी. तेवढं पुरेसं होतं.

इथे एक माप लागेल. पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे अर्धा स्वर, शंभर भागांत वाटला तर एका भागाला सेंट म्हणतात. पाच-सहा सेंटचा फरक सवयीचा कान पकडतो. पंधरा सेंट म्हटलं की बहुतेकांना काहीतरी खुपतं, कारण सांगता येत नाही इतकंच.

गायिका सरासरी दहा सेंटच्या आत होती. उघड्यावर, आदळणाऱ्या ड्रम्ससमोर, मॉनिटर स्पीकर नीट नसताना हे उत्तम म्हणायला हवं. गिटारची तिसरी तार, 'जी'ची, पस्तीस सेंट उतरलेली होती. आणि गाण्याची ओळ नेमकी त्याच स्वरावर येऊन थांबत होती. गिटारचा आवाज तिच्या दुप्पट चढवलेला. कान जे मोठ्याने ऐकतो त्यालाच आधार मानतो. त्यामुळे जागेवर उभी असलेली मुलगी बेसूर ठरली, आणि घसरलेली गिटार तिचा न्यायाधीश झाली.

आवाज हा माणसाचा असतो, गिटार वस्तू असते. माणूस चुकतो, वस्तू चुकत नाही, असं आपण न बोलता धरून चालतो. मुलगी असेल तर आणखीच चटकन. त्या वर्षानंतर ती कॉलेजच्या स्टेजवर गायली नाही. कारणं इतरही असतील. मी विचारायला गेलो नाही.

जी तार सगळ्यांत आधी का उतरते

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी म्हणजे दर सेंटिमीटरचं वजन, आणि ताण. वाजवताना पहिल्या दोन जवळपास तशाच राहतात. हलतो तो ताण. ताण एक टक्क्याने कमी झाला की स्वर अर्ध्या टक्क्याने, म्हणजे साधारण नऊ सेंट उतरतो.

आता तापमान घ्या. पोलादाची तार तापली की लांबते, लांबली की सैल पडते. दहा अंशांनी तापलेली पोलादी तार तिच्या लांबीच्या फक्त ०.०१२ टक्के वाढते. हा आकडा हास्यास्पद वाटतो. पण तारेला ताणून आपण मुळात किती लांबवलेलं असतं, त्याच्याशी तो ताडून पाहायला हवा. इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यात पातळ तार सुरात असताना जेमतेम ०.७ टक्के ताणलेली असते. जी तार तर पाव टक्काच. त्या पाव टक्क्यातून ०.०१२ गेले म्हणजे ताणाचा जवळजवळ विसावा हिस्सा गेला.

मी कागदावर गणित केलं. गिटारची मान अजिबात हलत नाही असं धरलं तर, दहा अंश तापमान वाढल्यावर पातळ 'ई' तार सुमारे पंधरा सेंट उतरते, 'बी' पंचवीसच्या आसपास, आणि 'जी' चाळीस. प्रत्यक्षात लाकूडही थोडं प्रसरण पावतं, त्यामुळे आकडे कमी येतात. क्रम तोच राहतो.

गाण्याची वाट लावतो तो हा क्रम. सहाही तारा सारख्या उतरल्या असत्या तर एकट्या गिटारवाल्याला पत्ताही लागला नसता, सगळं गाणं अंगभर खाली सरकलं असतं. पण तारा वेगवेगळ्या उतरतात, आणि कॉर्ड आतून फुटते. एका तारेवरचा जी आणि दुसरीवरचा जी यांच्यात चाळीस सेंटचा फरक पडला तर आवाज सेकंदाला चार-पाच हिसके देतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गाणं डुगडुगतंय.

आपल्याकडच्या गॅदरिंगचं वेळापत्रक या गणितासाठी मुद्दाम आखल्यासारखं असतं. जानेवारीत दुपारी चारला, उन्हात, साउंड चेक. मग सत्कार, भाषणं, डान्स. बँडचा नंबर रात्री नवाला. तोपर्यंत साताऱ्याच्या बाजूला हवेत चांगलाच गारवा आलेला असतो, म्हणजे तारा आकसून चढलेल्या असतात. घाईत ट्यून करून बँड स्टेजवर येतो, डोक्यावरचे हॅलोजन लागतात, हात गरम होतात, आणि तारा उतरायला लागतात. कोणी काही चुकीचं केलेलं नसतं.

हात, खाच आणि हेंड्रिक्स

तापमान हे एक कारण झालं. दुसरं कारण वाजवणं हेच.

रॉक गिटारमध्ये तार बोटाने आडवी ओढून स्वर चढवतात, त्याला बेंड म्हणतात. सतारीच्या मींडेचा हा लांबचा भाऊ. ओढताना तार वरच्या टोकाच्या खाचेतून, नटमधून, केसभर पुढे सरकते. सोडल्यावर ती तेवढीच मागे जायला हवी. खाच खरखरीत असेल तर जात नाही, मध्येच अडकते. खुंटीवर गुंडाळलेले नवे वेढेही आवळत जातात. म्हणून नवीन तारा चढवून थेट स्टेजवर जाणं धोक्याचं असतं. जिथे खुंट्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असतात, तिथे मधल्या दोन तारांना नटमधून बाहेर पडताच जास्त वळावं लागतं, आणि त्या जास्त अडकतात. त्यातली एक पुन्हा जीच. अनेक जुने वादक खाचेत शिसपेन्सिल घासतात. ग्रॅफाइटने तार सरकते. सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो खरंच चालतो.

मग व्हॅमी बार, ब्रिजला लावलेला तो दांडा. १९५४ मध्ये आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये मागच्या बाजूला स्प्रिंगा असतात. एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून स्प्रिंगा, आणि ब्रिज दोघांच्या मध्ये तोललेला. दांडा दाबला की तारा सैल पडून स्वर खोल जातो, सोडला की परत येतो. जवळजवळ परत येतो. त्या 'जवळजवळ'वर रॉकचा निम्मा इतिहास उभा आहे. परत जागेवर येण्यासाठी तारा दोन्ही टोकांना पकडून ठेवणारी फ्लॉइड रोझची यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या शेवटी आली. जिमी हेंड्रिक्सकडे ती नव्हती.

१८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ, वुडस्टॉक. हेंड्रिक्सने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं आणि दांडा दाबून त्यातून विमानं, बॉम्ब, सायरन काढले. या वादनावर राजकारणाच्या बाजूने पुष्कळ लिहिलं गेलंय. मी सुचवेन की एकदा फक्त सुरासाठी ऐका. इतक्या खोल डुबक्या मारल्यावर तारा जागेवर येणं शक्य नसतं. तरी धून ओळखू येते, कारण पुढचा स्वर घेताना तो उतरलेली तार बोटाने वर ढकलून घेतो. बोट कानाचं ऐकतंय. गाण्यांच्या मध्ये तो खुंट्या पिळताना ऐकू येतो, आणि त्याच्या कितीतरी रेकॉर्डिंगवर तो ट्यूनिंगवरून प्रेक्षकांची आणि स्वतःची थट्टा करतो.

इथे गिटारची एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. उतरलेला स्वर बोटाने चढवता येतो. चढलेला स्वर बोटाने उतरवता येत नाही, कारण पडदा, म्हणजे फ्रेट, खाली जाऊ देत नाही. व्हायोलिनला पडदे नाहीत. तार उतरली तर वादक बोट इकडे-तिकडे सरकवून वेळ मारून नेतो. गिटारवाल्याला अर्धीच वाट मोकळी असते. हेंड्रिक्सची थोरवी मला या अर्ध्या वाटेवर दिसते. वाद्य त्याच्या हाताखाली सतत बदलतंय, आणि तो बदललेल्या वाद्यावर वाजवतोय, सकाळी ट्यून केलेल्या वाद्यावर नाही.

टाळ्या पडल्या त्या कशाला

१ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठीचा कार्यक्रम. जॉर्ज हॅरिसनसाठी आलेल्या रॉकच्या गर्दीसमोर सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ बसले. सतार-सरोद मिळवून झाले आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले त्याचा आशय असा होता, की ट्यूनिंग एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा आपण गोऱ्या प्रेक्षकांच्या अडाणीपणाची गोष्ट म्हणून सांगतो आणि खुश होतो. मला तो वेगळा दिसतो. त्या गर्दीने कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या स्टेजवर वाद्य सुरात येताना पूर्ण ऐकलं. रॉकमध्ये ते काम पडद्याआड होतं. श्रीमंत बँडकडे त्यासाठी वेगळा माणूस असतो. तो विंगेत बसून पुढची गिटार मिळवून ठेवतो, आणि प्रत्येक दोन गाण्यांनंतर हातातली गिटार बदलली जाते. प्रेक्षकाला वाटतं, गिटार कधी उतरतच नाही. वर 'लाइव्ह' म्हणून जे अल्बम आपण ऐकतो त्यातलेही बरेच नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात. १९७५ चा 'किस'चा 'अलाइव्ह!' हे त्याचं गाजलेलं उदाहरण. अशा दुरुस्त केलेल्या थेटपणावर वाढलेले कान घेऊन आपण सांगलीतल्या गॅदरिंगला जातो.

आपल्याच जिल्ह्यांत दुसरी रीत मात्र शाबूत आहे. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला संगीत महोत्सव भरतो. १९४० मध्ये तो गजाननबुवा जोशी यांच्या वडिलांनी सुरू केला, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ. गजाननबुवा गायक होते आणि व्हायोलिनवादकही, म्हणजे उतरणाऱ्या तारेशी त्यांची दोन्हीकडून ओळख. अशा मैफलीत तंबोरे लावणं हा कार्यक्रमाचाच भाग असतो. खुंटी पिळून ढोबळ जुळवायचं, मणी सरकवून बारीक, जवारीचा दोरा हलवून नाद उघडायचा. श्रोते गप्प बसून ऐकतात. कोणी घड्याळ बघत नाही. गाणं सुरू झाल्यावर मागे बसलेला शिष्य मध्येच मणी सरकवतो, तेव्हा कोणी त्याला बेसूर म्हणत नाही.

तंबोऱ्यालाही तीच शिक्षा असते. खर्जाची तार पितळेची, आणि पितळ पोलादापेक्षा दीडपटीहून जास्त प्रसरण पावतं. त्यामुळे जोडीच्या पोलादी तारा एका चालीने जातात, खर्ज दुसऱ्या. भौतिकशास्त्र दोन्ही स्टेजवर एकच आहे. फरक आहे तो वेळेच्या हिशेबात. हिंदुस्थानी संगीताने तार उतरण्याला कार्यक्रमात जागा दिली. रॉकने ते काम पैसे देऊन विंगेत ढकललं. गॅदरिंगच्या बँडला जागाही नाही आणि पैसेही नाहीत.

चौदा सेंटचा वाद

इथे कोणी म्हणेल, अरे पण एवढ्या बारीक फरकाचं काय घेऊन बसलास, रॉक आहे ते. मग सांगलीची एक गोष्ट ऐका.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केलं. श्रुतींची नेमकी गणिती जागा शोधण्याचा त्यांचा प्रयत्न होता. त्या कामात त्यांना साथ होती अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची, ज्यांचं नाव आज मिरजेपासून वेगळं काढता येत नाही. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे ब्रिटिश सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या विचारातून खास श्रुतींची हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. भातखंड्यांना हा सिद्धांत पटला नाही. वाद मोठा झाला.

त्या वादाच्या मुळाशी असलेली एक जागा गंधाराची. तंबोऱ्याच्या नादातून आपसूक ऐकू येणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. हार्मोनियमचा, पियानोचा, आणि गिटारच्या पडद्याचाही गंधार बरोबर ४०० वर. फरक चौदा सेंट. एका माणसाने पुस्तक लिहावं, दुसऱ्याने वाद्य बनवावं, तिसऱ्याने मान्य करायला नकार द्यावा, एवढं या चौदा सेंटचं महत्त्व होतं.

आता मघाचं गणित आठवा. गिटारची सगळ्यात पातळ तार दहा अंशांनी तापली की कितीने उतरते? पंधरा सेंट. देवल-क्लेमेंट्स ज्या अंतरासाठी झगडले, तेवढं अंतर हॅलोजनखाली एक तार एखाद्या गाण्यात गमावू शकते.

यातून आणखी एक गोष्ट निघते. मोबाइलवरच्या ट्यूनरने हिरवा दिवा दाखवला म्हणजे गिटार सुरात आली, हेही पूर्ण खरं नाही. ती यंत्राच्या सुरात आली. पडद्यावरचा गंधार मुळातच चौदा सेंट चढा. साध्या गिटारवर ते खपून जातं. डिस्टॉर्शन लावलं की दोन स्वरांच्या घर्षणातून तिसरा, चौथा आवाज निघतो आणि तो चढा गंधार करकरायला लागतो. हार्ड रॉकवाले गंधारच गाळून फक्त षड्ज-पंचम वाजवतात, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. पंचम दोनच सेंटने चुकतो, तो सहन होतो. म्हणजे षड्ज-पंचमावर तोललेला तंबोरा आणि धातूसारखा खणखणणारा हेवी मेटल, दोघेही वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच जागी पोचले.

आणि हे सगळं जिथे घडलं त्या सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकरांपासून चालत आलेली तंतुवाद्यांची कला तिथे अजून जिवंत आहे, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागीर कानसने जवारी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. माझ्या ओळखीच्या किती गिटारवाल्यांनी त्या गल्लीत एक दुपार घालवलीय? बोटांवर मोजण्याइतक्यांनी. गिटारची नटची खाच आणि तंबोऱ्याची जवारी ही दोन्ही तार टेकण्याच्या जागेची कला आहे. आपण मात्र नट बदलायला मुंबईतलं दुकान शोधतो.

उतरलेल्या सुराचे गोडवे नकोत

एवढं वाचून कोणाला वाटेल, मी बेसूरपणाचं समर्थन करतोय. तसं नाही. 'रॉ' वाजवलं, 'फील' होता, या नावाखाली कानाला न विचारता वाजवलेलं खूप काही खपवलं जातं. पंक बँडने केलं म्हणून प्रत्येक उतरलेली तार बंडखोरी ठरत नाही. कित्येकदा ती फक्त उतरलेली तार असते.

म्हणून मी ऐकताना तीन प्रकार वेगळे करतो. पहिला, तार उतरते आणि वादकाला कळतं. तो बेंडने सावरतो, ती तार टाळतो, कॉर्ड दुसरीकडे धरतो, किंवा गाणं संपल्यावर थांबून मिळवतो. दुसरा, तो उतरण्याचाच उपयोग करतो, हेंड्रिक्ससारखा. तिसरा, त्याला कळत नाही, किंवा कळूनही तो आवाज वाढवतो. टीका करायचीच तर या तिसऱ्यावर करावी, आणि ती वादकावर करावी, पुढे उभ्या असलेल्या गायिकेवर नव्हे.

पहिल्या प्रकाराचं मला आवडणारं उदाहरण निर्वाणाचं आहे. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये चित्रित झालेला त्यांचा अनप्लग्ड कार्यक्रम. संपूर्ण चित्रीकरण बघितलं तर गाण्यांच्या मध्ये ते कितीदा ट्यून करत बसतात ते दिसतं. कर्ट कोबेन गमतीने कुरकुरतो, की आपण मोठा श्रीमंत बँड ना, मग जास्तीच्या गिटारी का नाहीत. प्रेक्षक हसतात, थांबतात. त्या थांबण्यात खोली शांत होत जाते, आणि पुढचं गाणं त्या शांततेवर पाय ठेवून सुरू होतं. ते थांबे कापून टाकले तर कार्यक्रमाची छाती धपापणं बंद होईल. औंधच्या मैफलीत तंबोरे लावताना जे घडतं, त्याच्या अगदी जवळचं काहीतरी तिथे घडतं.

चाळीस सेकंद

आपल्याकडे बँड थांबायला घाबरतो, हा माझा मुख्य आक्षेप. सूत्रसंचालक मागून खुणा करतो, पुढचा ग्रुप वाट बघतोय, समोर मुलं शिट्ट्या मारतात. चाळीस सेकंद शांतता म्हणजे कार्यक्रम पडला अशी समजूत आहे. म्हणून ट्यूनरच्या पेडलवर पाय ठेवून, आवाज बंद करून, पाठ फिरवून, चोरून तार मिळवायची. वेळ नसेल तर तीही नाही. आणि चौथ्या गाण्यात सगळ्याची किंमत गाणारीने मोजायची.

यावर महागडी यंत्रं हा उपाय नाही. गिटार आणि माणसं स्टेजवर दहा-पंधरा मिनिटं आधी नेऊन त्या दिव्यांखाली तापू द्यावीत आणि मग मिळवावं. नव्या तारा दोन दिवस आधी चढवून ओढून घ्याव्यात. खाचेत पेन्सिल घासावी. खुंटी पिळताना वरून खाली येऊ नये, खालून वर यावं, म्हणजे तार खाचेत सैल अडकून राहत नाही. गायक-गायिकेला मॉनिटर द्यावा, आणि गिटार तिच्या आवाजाच्या वर चढवू नये. पाच-सहा गाण्यांच्या कार्यक्रमात एकदा, तिसऱ्या-चौथ्या गाण्याच्या आधी, सगळ्यांसमोर, आवाज चालू ठेवून तारा मिळवाव्यात. घोषणा करून मिळवाव्यात. सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकाला तार मिळवण्याचा आवाज परका नाही. घराघरांत, भजनाच्या पेटीशी वीणा जुळवताना त्याने तो ऐकलेला आहे.

आणि ऐकणाऱ्यांनी? पहिल्या गाण्यावरून बँडचं माप काढू नका. पहिलं गाणं सगळ्यांचं सुरात असतं, ते ट्यूनरचं कर्तृत्व. चौथ्या गाण्यापाशी कान टवकारा. तोपर्यंत हात घामेजलेले असतात, जी उतरलेली असते, आणि बँडमध्ये कोण कोणाचं ऐकतंय ते उघड होतं. ड्रमरच्या काउंटआधी गिटारवाला एकदा तार छेडून गायिकेकडे बघतो का? ती मान हलवते का? तो खुंटी पिळतो का?

त्या बावन्न सेकंदांच्या क्लिपमध्ये हे कोणी केलं नव्हतं. पण मागच्या डिसेंबरात साताऱ्यातल्या एका छोट्या कार्यक्रमात मी ते बघितलं. तीन पोरांचा बँड होता, नाव अजून ठरलेलं नव्हतं. तिसऱ्या गाण्यानंतर गिटारवाल्याने माइकवर सांगितलं, "दोन मिनिटं, तार उतरली." 'आउट गेली' म्हणाला नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "लाव निवांत." त्याने लावली. चौथं गाणं त्या संध्याकाळचं सगळ्यात चांगलं गाणं होतं.